गॉडझिला बघायचाय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न: माझा पुतण्या आठवीत आहे. सुट्टीत त्याने गॉडझिला हा जपानी राक्षस आणि काँग हा महाकाय वानर यांचा नवा अमेरिकन पिक्चर बघितला आणि आता त्याला सगळेच गॉडझिला बघायचेत. मी शोधलं तर चाळीसच्या आसपास निघाले, पहिला १९५४ चा, तोही ब्लॅक अँड व्हाइट! क्रमानेच बघायला लागतील का? आणि रबरी सूट घातलेला माणूस बघून पोरगं हसत बसेल त्याचं काय?
– एक काका, सांगली

उत्तर: काका, क्रमाचं टेन्शन आधी सोडा. ही सिरीज दर काही वर्षांनी स्वतःच पाटी पुसते. १९५४ ते १९७५ मधले पंधरा पिक्चर एका माळेतले, मग १९८४ ला जो आला त्याने मधलं सगळं विसरून फक्त पहिल्याचा धागा धरला, १९९९ नंतरच्या बहुतेकांनीही तेच केलं आणि २०१६ च्या शिन गॉडझिलाने तर पहिलाही धरला नाही. त्यामुळे कुठूनही शिरा, गोष्ट कळते.

मी तर म्हणेन २०२३ च्या गॉडझिला मायनस वनने सुरुवात करा. दुसरं महायुद्ध संपत आलंय, आत्मघाती हल्ल्यावर पाठवलेला एक पायलट विमान बिघडल्याचं खोटं सांगून एका बेटावर उतरतो आणि त्याच रात्री तिथे गॉडझिला येतो... पुढचं सांगत नाही. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी, इफेक्ट्सचे प्रमुखही तेच, टीम फक्त ३५ जणांची, आणि २०२४ ला इफेक्ट्सचं ऑस्कर यांनी नेलं! पण मला जास्त आवडतात ती त्यातली माणसं, राक्षस पडद्यावर नसतानाही जीव टांगणीला लागतो.

त्याच आठवड्यात लगेच १९५४ चा लावा, हा चुकवू नका. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्याची राख लांब मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली, २३ खलाशी आजारी पडले, त्यातला वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरमध्ये वारला. नोव्हेंबरमध्ये हा पिक्चर लागला आणि सुरुवातीलाच काय, तर समुद्रात लखलखाट होतो आणि बोट पेट घेते. तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला हे कशाबद्दल चाललंय ते वेगळं सांगायला नको होतं. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैन्यात होते, घरी परतताना त्यांनी बेचिराख हिरोशिमा बघितलं होतं.

सूटचं म्हणाल तर बाहुली एकेक फ्रेम हलवून शूट करायला फार वेळ लागला असता म्हणून सूट आला. आत हारुओ नाकाजिमा, अंगावर सुमारे शंभर किलोचं ओझं, वरून स्टुडिओच्या लाइटची भट्टी. आणि ती डरकाळी कुठल्या प्राण्याची नाही, संगीतकार आकिरा इफुकुबेंनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून ओढून तो आवाज काढला. पुतण्याला हे आधीच सांगून ठेवा, तो कान देऊन ऐकेल. सुरुवातीला हसला तर हसू द्या. टोकियो जळत असताना एक आई पोरांना कवटाळून म्हणते की आता आपण बाबांकडे जाणार, तिथे गप्प होईल. तेव्हा तुम्ही शेजारी असा.

एकच काळजी घ्या, १९५६ ची अमेरिकन आवृत्ती नको. त्यात मध्येच एक अमेरिकन पत्रकार घुसवलाय आणि अणुबॉम्बचा बराचसा संदर्भ कापलाय. जपानी मूळ सबटायटल्ससकट बघा.

मग मजेसाठी १९६४ चे दोन, एक मोथ्रा या राक्षसी पतंगाचा आणि एक तीन डोक्यांच्या गिदोराचा. १९९८ चा अमेरिकन राहिला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: शिन गॉडझिलात नुसत्या मीटिंगाच का आहेत हो? अर्ध्यात बंद केला.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: पुन्हा लावा, प्लीज! २०११ च्या त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरचा पिक्चर आहे तो. राक्षस शहरात शिरलाय आणि हे लोक एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत, कुठल्या खात्याने काय करायचं यावर बोलतायत, भीती तिथेच आहे. रात्री टोकियोत त्याच्या तोंडातून पहिल्यांदा किरण निघतात तिथपर्यंत तरी बघा, आणि मग मला कळवा.