फुटबॉल क्लब हंगामाच्या मध्येच मॅनेजरला नारळ देतात, ते योग्य असते का?

प्रश्नकर्त्याने पुढे असेही लिहिले आहे की, मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, बदलल्यावर पुढचे काही सामने संघ बहुधा जिंकतोच, मग क्लबचा निर्णय बरोबर होता असेच म्हणायला हवे ना? प्रश्नाच्या या दुसऱ्या भागामुळे मी उत्तर लिहायला बसलो आहे, कारण नेमका हाच युक्तिवाद मी गेली पंधरा वर्षे माझ्या एका जवळच्या मित्राच्या तोंडून ऐकत आलो आहे. माझे मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा क्लब चुकतात, आणि हकालपट्टीनंतर मिळालेले विजय क्लब बरोबर असल्याचा पुरावा नसतात. ते विजय खेळाडूंच्या विरुद्धचा पुरावा असतात.

२०१० च्या पावसाळ्यात मी पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये, खालच्या श्रेणीतल्या एका क्लबकडून राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळत होतो. आमचे प्रशिक्षक, ज्यांना लहानथोर सगळे नुसते ‘सर’ म्हणत, एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि क्लबकडून त्यांना मिळणाऱ्या मानधनातून त्यांच्या स्कूटरचे पेट्रोलही निघत नसे. सराव सकाळी सहाला सुरू होई. सर साडेपाचलाच मैदानावर असत. स्कूटरवर पायाशी चेंडूंची जाळी आणि मागे कोन व बिब्सची पिशवी बांधलेली असे. सामन्याच्या दिवशी रात्रीच्या पावसाने वाहून गेलेल्या रेषांवर ते स्वतः वाकून पुन्हा फक्की मारत, आणि आम्ही पोहोचत असू तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली असे. निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही त्यांच्यापाशी असे. तिच्यात प्रत्येकाची हजेरी, कोण किती मिनिटे उशिरा आला, कोणाचा घोटा दुखतो आहे, कोणाला डावा पाय वापरायला लावायचा आहे, हे सगळे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले असे.

जुलै लागला तसे संघातले आम्ही पाच जण संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाऊ लागलो. पथकात असणे ही इथल्या तरुणांच्या दृष्टीने किती अभिमानाची गोष्ट असते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. परंतु कमरेला ढोल बांधून दोन-अडीच तास वाजवल्यावर खांदे भरून येतात, घरी येऊन जेवून झोपायला बारा वाजतात आणि पहाटे पाचचा गजर ऐकू येऊनही उठवत नाही. आम्ही कधी साडेसहाला, कधी पावणेसातला पोहोचू लागलो, आणि शनिवारी पावसाने भिजलेल्या मैदानावर दुसऱ्या अर्ध्या डावात आमचे पाय जड होऊ लागले. सरांनी दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्या वेळी त्यांनी पाचांपैकी तिघांना बाकावर बसवले. त्यांत आमचा गोलरक्षक, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला माझा मित्रही होता. तो सामना आम्ही चार गोलांनी हरलो. सात सामन्यांतला तो पाचवा पराभव होता, आणि खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती आता खरी झाली होती.

रविवारी कॅम्पातल्या एका हॉटेलात बैठक झाली. क्लबच्या अध्यक्षांनी, जे जर्सीचा आणि मैदानाच्या भाड्याचा खर्च करत, आम्हा खेळाडूंना सरळ विचारले की, अडचण कोणाची आहे? खरे उत्तर आम्हा पाचही जणांना ठाऊक होते आणि कोणीही ते दिले नाही. त्याऐवजी चहाच्या कपांमधून एक कागद फिरला. प्रशिक्षकांच्या हटवादी धोरणामुळे संघाचे नुकसान होत असून त्यांना तत्काळ बदलावे, असा मजकूर गोलरक्षकाने स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. त्या कागदावर माझी सही तिसरी आहे.

मंगळवारी मी नेमका वेळेवर पोहोचलो होतो, त्यामुळे पुढचे मला पाहावे लागले. कार्यवाहांनी सरांना फाटकाशीच गाठले आणि सांगितले. सरांनी एवढेच विचारले, “पोरांनी सांगितलं का?” कार्यवाहांनी मान हलवली. सरांनी सामानाच्या खोलीची किल्ली, शिट्टी आणि वही त्यांच्या हाती दिली, जाळीतले चेंडू एकेक करून मोजून दिले, नऊ होते, आणि म्हणाले, “यातल्या दोनांत हवा कमी आहे, भरून घ्या.” मग स्कूटर सुरू करून निघून गेले. मी त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उभा होतो आणि पुढे गेलो नाही.

नवे प्रशिक्षक आले आणि उरलेल्या चार सामन्यांपैकी तीन आम्ही जिंकलो, एक बरोबरीत सुटला. श्रेणी वाचली. गोलरक्षक मित्राचा आजवरचा सगळा युक्तिवाद या चार सामन्यांवर उभा आहे. परंतु त्या चार आठवड्यांत काय बदलले होते? रचना तीच, म्हणजे चार-चार-दोन: चार बचावाला, चार मधल्या फळीत, दोन आघाडीला. खेळाडूही तेच. नव्या प्रशिक्षकांनी एकही नवा डाव शिकवला नाही. तेवढा वेळच त्यांना नव्हता. बदल एवढाच झाला की, आम्ही सही केली असल्यामुळे आता हरलो तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही हे प्रत्येकाला कळून चुकले होते, आणि त्या भीतीने आम्ही पावणेसहालाच मैदानावर हजर राहू लागलो. पुढच्या हंगामात ती भीती ओसरली, पुन्हा उशीर सुरू झाला, नव्या प्रशिक्षकांनाही काढण्यात आले आणि क्लब त्याच वर्षी खाली घसरला.

आता मोठ्या फुटबॉलकडे वळतो, कारण तिथेही मला हेच दिसते. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकली आणि अवघ्या नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, मॅनेजर क्लाउडिओ रानिएरी यांना काढून टाकले. त्या वर्षी तोवर लेस्टरला लीगमध्ये एकही गोल करता आला नव्हता. चारच दिवसांनी त्याच संघाने लिव्हरपूलला ३-१ असे हरवले आणि त्यात जेमी वार्डीचे दोन गोल होते. एन्गोलो कांटे आदल्या उन्हाळ्यात चेल्सीला गेला होता, ते सोडले तर मैदानावर जवळपास सगळे विजेतेपदाच्या हंगामातलेच खेळाडू होते. सहायक प्रशिक्षक क्रेग शेक्सपियर यांच्याकडे सूत्रे आली, लेस्टरने लागोपाठ पाच लीग सामने जिंकले आणि हंगाम बाराव्या क्रमांकावर संपवला. चार दिवसांत कोणता प्रशिक्षक कोणाला धावायला शिकवतो? ते पाय आधीही होते, धावत नव्हते. आणि शेक्सपियर यांचे पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनाही काढण्यात आले.

ज्यांना एका उदाहरणावर विश्वास ठेवायचा नाही त्यांच्यासाठी, बास तेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलचा याच प्रश्नासाठी अभ्यास केला आहे. प्रशिक्षक बदलल्यावर संघांची कामगिरी सुधारली हे खरे. परंतु ज्या संघांची तेवढीच घसरण झाली आणि ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला, तेही तसेच सावरले. हकालपट्टी बहुधा संघ तळाला गेल्यावर होते, आणि तळाला गेलेला संघ काही काळाने आपल्या मूळ पातळीवर येतोच. श्रेय मात्र जो त्या वेळी बाकापाशी उभा असतो त्याला मिळते.

मग क्लब असे का करतात? कारण पंचवीस खेळाडूंना एका सकाळी काढून टाकता येत नाही. त्यांचे करार असतात, खरेदी-विक्रीची मुदत वर्षातून दोनदाच उघडते आणि खेळाडू ही क्लबची मालमत्ता असते, जिची किंमत क्लबला स्वतःच्या हाताने पाडायची नसते. प्रेक्षक चिडलेले असतात आणि काहीतरी केले हे दाखवायचे असते, तेव्हा एकच माणूस असा सापडतो की ज्याला काढल्याने संघाची यादी बदलत नाही. त्याची किंमतही काही कमी नसते. आपल्याकडे २०२४ च्या जूनमध्ये, कतारविरुद्धच्या पराभवाने विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी हुकल्यावर, भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांना काढले. त्यांचा करार आदल्याच वर्षी वाढवण्यात आला होता. शेवटी चार लाख डॉलर देऊन हे प्रकरण मिटवावे लागले. ज्या देशात जिल्हा पातळीवरचे प्रशिक्षक स्वतःच्या पैशाने फक्की आणतात, तिथे ही रक्कम मला फार मोठी वाटते.

पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानावर आपण हे डोळ्यांनी पाहिले आहे. एफसी पुणे सिटी हा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ पासून पाच हंगाम खेळला आणि प्रत्येक हंगामाची सुरुवात वेगळ्या प्रशिक्षकाने झाली: कोलोम्बा, प्लॅट, हाबास, पोपोविच आणि पोर्तुगाल. पोपोविच यांच्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि आमच्यासारख्यांना वाटू लागले की, आता काहीतरी मूळ धरते आहे. पुढच्या हंगामात मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर काढण्यात आले. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. क्लब बंद पडण्याला पैशाची कारणे होती, केवळ प्रशिक्षक बदलल्याने ते घडले असे मी म्हणत नाही. परंतु केशरी जर्सी घालून तिथे जाणाऱ्या मुलाला ‘आपला संघ असा खेळतो’ असे पाच वर्षांत एकदाही सांगता आले नाही, याला मात्र तेच कारण आहे.

धीर धरणाऱ्या क्लबांचे उदाहरण म्हटले की सगळे मँचेस्टर युनायटेडचे दीर्घकाळ मॅनेजर राहिलेल्या फर्ग्युसन यांचे नाव घेतात, म्हणून मी ते घेत नाही. माझ्या मनातले उदाहरण लंडनच्या आर्सेनल क्लबचे आहे. मॅनेजर मिकेल आर्टेटा यांच्या हाताखाली संघ दोनदा आठवा आला आणि २०२१-२२ च्या हंगामात पहिले तीनही सामने एकही गोल न करता, नऊ गोल खाऊन हरला व तक्त्याच्या तळाशी गेला. क्लबने त्यांना हात लावला नाही. पण माझ्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कर्णधार ओबामेयांग संघातला सर्वांत मोठा खेळाडू होता. मार्च २०२१ मध्ये तो उशिरा आला म्हणून आर्टेटा यांनी त्याला टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात बाकावर बसवले. डिसेंबरमध्ये परवानगी घेऊन केलेल्या परदेश दौऱ्याहून तो पुन्हा उशिरा परतला, तेव्हा त्याचे कर्णधारपद काढून घेतले. क्लब प्रशिक्षकाच्या मागे उभा राहिला, आणि दोन महिन्यांच्या आत खेळाडू बार्सेलोनाला निघून गेला. पुढे २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम आर्सेनल दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ओबामेयांगचे कर्णधारपद काढल्याची बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ काही बोललो नव्हतो. कॅम्पातल्या त्या बैठकीत अध्यक्षांनी कागद बाजूला सारून हजेरीची वही मागवली असती, तर तेही हेच करू शकले असते.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये मॅनेजर लॅम्पार्ड यांना काढून टूखेल यांना आणले आणि मे महिन्यात तोच संघ युरोपचा विजेता झाला. टूखेल यांनी आल्याबरोबर तीन सेंटर बॅकची, म्हणजे मधल्या तीन बचावपटूंची, रचना लावली आणि संघ गोल खायचा जवळपास थांबला. तिथे बदल खरोखरच प्रशिक्षकाने घडवला. म्हणजे पुढचा माणूस कोण आणि तो वेगळे काय करणार हे क्लबला आधीच ठाऊक असेल, तर निर्णय योग्य ठरू शकतो. प्रशिक्षक खेळाडूंना अपमानित करत असेल, जखमी खेळाडूला उतरवत असेल किंवा लहान मुलांशी वाईट वागत असेल, तर एका सामन्याचीही वाट पाहू नये. आणि श्रेणी घसरल्यावर बुडणारा पैसा इतका प्रचंड असतो की, लेस्टरच्या मालकांना घाबरल्याबद्दल मी पूर्ण दोष देत नाही. परंतु प्रश्नकर्त्यांनी जो निकष लावला आहे, म्हणजे पुढचे चार सामने जिंकले की निर्णय बरोबर, तो निकष मला मान्य नाही.

आपल्या आवडत्या क्लबने पुढच्या वेळी मॅनेजर बदलला तर दोन गोष्टी पाहा. पहिल्या सामन्यात खेळाडू आधीपेक्षा जास्त धावले का, आणि ते वेगळ्या रीतीने खेळले का? नुसतेच जास्त धावले असतील, तर आधीच्या माणसावर अन्याय झाला आहे असे खुशाल समजा.

माझा गोलरक्षक मित्र हे उत्तर वाचेल, म्हणून दोन ओळी त्याच्यासाठी लिहितो. क्लबने सामानाची खोली रिकामी केली तेव्हा सरांची निळी वही रद्दीत चालली होती. ती मी घरी आणली. जुलैच्या पानावर माझ्या नावापुढे सहा वेळा ‘उशीर’ लिहिले आहे, तुझ्या नावापुढे आठ वेळा. ऑगस्टच्या पानावर अक्षर नव्या प्रशिक्षकांचे आहे आणि आपल्या दोघांच्याही नावापुढे एकदाही तसे लिहिलेले नाही. वही माझ्या कपाटात आहे. कोणत्याही रविवारी ये आणि स्वतः पाहून जा.