ट्रोल नावाच्या श्वापदाची ओळख

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

क्रिकेटवर लिहू लागल्यापासून तुझ्यावर जे शाब्दिक हल्ले होत आहेत, ते वाचून काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. रानात जाणाऱ्याला श्वापदांची जाण लागते, तशी समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्याला ट्रोल या प्रजातीची लागते. फुलाचा, देवाचा किंवा लाडक्या खेळाडूचा फोटो लावून ही प्रजाती परिसरात बेमालूम मिसळते, त्यामुळे ती रूपावरून नव्हे, सवयींवरून ओळखावी. ती मजकूर वाचत नाही, माणूस हुंगते; तुझ्या मुद्द्याला बगल देऊन तुझ्या आडनावावर, दिसण्यावर, घरच्यांवर घसरते, आणि एक आरोप खोडून काढलास की तत्काळ दुसऱ्यावर उडी घेते. तुझा संताप हेच तिचे भक्ष्य आहे, म्हणून ते तिला मिळू देऊ नकोस.

एकटा ट्रोल बहुधा कंटाळून निघून जातो. कळपाचे तसे नसते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताला दहा गडी राखून हरवले, तेव्हा पराभव साऱ्या संघाचा असूनही कळप मोहम्मद शमीवर, तोही त्याच्या धर्मावरून, तुटून पडला. कर्णधार विराट कोहली एकेका ट्रोलशी वाद घालत बसला नाही. पुढच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत तो जाहीरपणे शमीच्या पाठीशी उभा राहिला. तुझ्या एखाद्या मैत्रिणीवर अशी झडप पडली, तर तूही हेच करावेस. त्यानंतर कोहलीच्या वर्षाचीही न झालेल्या मुलीविषयी ऑनलाइन धमकी आली आणि मुंबई पोलिसांनी थेट हैदराबादेतून एका तरुणाला अटक केली. तेव्हा धमकी आली, की मौन पाळायचे नाही: स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, घरी सांगायचे आणि सायबर पोलिसांत तक्रार करायची.

मात्र ही प्रजाती जन्मजात नसते. मनःस्थिती बिघडलेली असेल आणि आधीचे लोक विखारी बोलून गेलेले असतील, तर साधी माणसेही ट्रोलासारखी वागू लागतात, असे स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांना २०१७ मध्ये आढळले. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण धोका आपल्यालाही आहे. रागात लिहिलेले उत्तर रात्री पाठवू नकोस.

तुझ्या लेखातील धावगतीचे आकडे चुकल्याचे एका गृहस्थांनी तिखट शब्दांत लिहिले आहे. ते ट्रोल नव्हेत. आकडे पुन्हा तपास आणि त्यांना आजच उत्तर दे.

तुझा हितचिंतक