‘मिसप्रिंट’ म्हणून विकलेली नोट परत घ्यावी लागेल का?

प्रश्न: ठाणे पूर्वेला, कोपरीत आमचं छोटं दुकान आहे. गल्ल्यात आलेल्या शंभरच्या जांभळ्या नोटेवर नंबरावरून गेलेला गडद निळा पट्टा दिसला. ‘मिसप्रिंट, शंभर टक्के गॅरंटी’ असं लिहून मी संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. वाशीच्या एका गृहस्थांनी ठाणे स्टेशनजवळ भेटून, भिंगातून पाहून ती 18 हजारांना घेतली. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे: ही छपाईची चूक नसून शाईचा डाग आहे, 15 दिवसांत 18 हजार आणि मनस्तापाचे 10 हजार द्या, नाहीतर फसवणूक आणि बनावट नोटेची तक्रार करू. सासऱ्यांच्या कपाटात 2016 मध्ये बाद झालेल्या पाचशेच्या आठ नोटाही आहेत. दोनांवर असेच पट्टे आहेत, त्याही विकायच्या होत्या. काय करू?

उत्तर: ताई, आधी घाबरणं थांबवा. अटक होण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही. पण 18 हजार परत करावेत, असंच माझं मत आहे आणि त्याचं कारण नोटेतच आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. नोटेच्या मधल्या घडीवर पट्टा जास्त गडद झालाय. झिजलेल्या रेषेत शाई मुरली आहे आणि दोन्ही बाजूंना बारीक तंतूंसारखी पसरली आहे. मागच्या बाजूलाही त्याच जागी ती उमटली आहे. म्हणजे घडी आधी पडली, शाई नंतर लागली. छापखान्यातून नोट बिनघडीची बाहेर पडते. आणि तो शाईपॅडसारखा निळा रंग त्या नोटेत दुसरीकडे कुठेच नाही.

छपाईत आधी पार्श्वभूमी, मग हाताला जाणवणारी उठावाची छपाई, मग नंबर आणि शेवटी कटाई, असा क्रम असतो. खरी चूक यातल्याच एखाद्या टप्प्यावर होते, म्हणून तिला त्या टप्प्याची खूण असते: दोन ठिकाणचे नंबर वेगळे पडणं, एक बाजू कोरी राहणं, कागद दुमडून छापला गेल्याने उलगडल्यावर मध्ये पांढरी पट्टी दिसणं, ओल्या नोटेची उलटी छबी दुसरीवर उमटणं. नंबरात तारा असलेली नोटही चूक नव्हे. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी ती मुद्दाम घातलेली असते.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही डाग लपवला नाही, उलट त्याचाच फोटो टाकलात. बनावट नोटेचा मुद्दा तर टिकतच नाही. नोट अस्सल आहे, डागाने ती बनावट होत नाही.

दिवाणी बाजू मात्र तुमच्याविरुद्ध झुकते. करार कायदा, 1872 च्या कलम 18 नुसार पुरेशा माहितीशिवाय ठामपणे केलेलं विधान, मनापासून खरं मानून केलेलं असलं तरी, चुकीचं निघाल्यास दिशाभूल ठरतं. ‘गॅरंटी’ हा शब्द इथे नडतो. कलम 19 च्या अपवादाचा आधार घेता येईल: साधी काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं असेल तर खरेदीदाराला करार मोडता येत नाही, आणि यांनी तर भिंग लावून नोट पाहिली होती. पण मग ते कलम 20 पुढे करतील. डागाला दोघांनीही छपाईची चूक समजून व्यवहार केला, तर तो मुळातच रद्दबातल, आणि कलम 65 प्रमाणे घेतलेले पैसे परत. किमतीबद्दलचा गैरसमज कलम 20 मध्ये बसत नाही, पण हा वाद नोट मुळात काय आहे याचा आहे. 18 हजारांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा घालाव्यात, असं मी सांगणार नाही.

मुदतीत वकिलामार्फत उत्तर पाठवा. त्यात गुन्ह्याचे आरोप साफ नाकारा, मनस्तापाचे 10 हजारही नाकारा, आणि नोट परत मिळताच 18 हजार देण्याची तयारी लिहा. नोट हातात आली की तिचा नंबर जुन्या फोटोशी ताडून बघा. दुसरीच डागाळलेली नोट माथी मारली जाऊ शकते. पैसे बँकेतून द्या, रोख नको, आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशी सही घ्या. ग्रुपवरचे संदेश पुसू नका. तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा त्यांतच आहे. नोट धुऊ किंवा खोडू नका, बँकेत भरा. डागाळलेली असली तरी ती चलनात आहे.

पाचशेच्या त्या आठ नोटा मात्र ग्रुपवर मुळीच टाकू नका. 2017 च्या कायद्याने बाद नोटा दुसऱ्याला देण्या-घेण्यावर बंदी आहे. दहापर्यंत नुसत्या जवळ ठेवता येतात, म्हणून त्या कपाटात असायला हरकत नाही. त्यांवरचे पट्टे छपाईतली खरीखुरी चूक निघाले, तरी ही बंदी उठत नाही.