ऑस्ट्रेलियाला दोघंच निघालोय, काय काय बघू?

मागच्या अंकात आम्ही नवरा-बायको ऑस्ट्रेलियाला दोनदा जाऊन आलो त्याबद्दल लिहिलं होतं, पहिल्यांदा टूरबरोबर आणि दुसऱ्यांदा आमचे आम्ही. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे इथे मावणार नाहीत, म्हणून ज्यांचं उत्तर बऱ्याच जणांना कामाला येईल असे घेतलेत.

ताई, आम्ही दोघं रिटायर्ड, कोल्हापूरला असतो. टूरवाल्याने १४ दिवसांत सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स, मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ असा प्लॅन दिलाय. मिस्टर म्हणतात एवढा खर्च करून चाललोय तर सगळं बघून घेऊ. तुम्हाला काय वाटतं?

काकू, मला हा प्लॅन अजिबात आवडला नाही, स्पष्टच सांगते. नकाशात ही शहरं जवळजवळ दिसतात पण सिडनी ते पर्थ विमानानेच ३,३०० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. प्रत्येक विमानाला हॉटेल सोडणं, एअरपोर्टवर दोन तास आधी पोचणं, पुन्हा बॅगा, पुन्हा नवं हॉटेल, असा निम्मा दिवस तरी जातोच, सहा शहरं म्हटलं की तुमच्या १४ मधले तीन-चार दिवस नुसते एअरपोर्टवरच जाणार. आमची पहिली टूर अशीच होती आणि घरी आल्यावर फोटो बघताना हा कुठला बीच, सिडनीचा की गोल्ड कोस्टचा, यावरून आमच्या दोघांचं एकमत होईना, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं कारण आयुष्यात एकदाच जायचं म्हणून पै पै साठवून गेलो होतो.

मी असते तर सिडनीला पाच रात्री, मेलबर्नला चार, मेलबर्नजवळच्या समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडवर दोन आणि उरलेल्या तीन केर्न्सला, बास. त्यातही केर्न्स कधी जाताय त्यावर. आपल्या दिवाळीनंतर ते साधारण मे पर्यंत तिकडे उत्तरेला समुद्रात विषारी जेलीफिश असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस धो धो, त्यामुळे ग्रेट बॅरियर रीफ बघायचं तर जून ते ऑक्टोबर चांगलं. पण जून-जुलैत मेलबर्नला कडक थंडी, कारण तिकडचे ऋतू आपल्या उलटे. म्हणून दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बसवायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. हे रीफ म्हणजे समुद्रातली प्रवाळांची, म्हणजे कोरलची रांग, २,३०० किलोमीटर लांब पसरलेली, बोटीने बाहेरच्या रीफवर जायला दीड-दोन तास लागतात, आणि तुम्हाला पोहता येत नसेल तरी काळजी नको, तळाला काच असलेली बोट असते, त्यातून कोरल दिसतं.

तुम्ही डिसेंबरातच जाणार असाल तर केर्न्स सोडा आणि ते दिवस सिडनीच्या दक्षिणेच्या किनाऱ्याला द्या. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून कायामाला लोकल ट्रेन जाते, बऱ्याच वेळ खिडकीतून समुद्र दिसतो, कायामाला खडकातल्या भोकातून लाट फवाऱ्यासारखी वर उडते ते बघायचं. गाडी असली तर वाटेत सी क्लिफ ब्रिज लागतो, कड्यावरून दरडी पडायच्या म्हणून रस्ताच समुद्रावर नेलाय, ६६५ मीटरचा पूल, २००५ ला सुरू झाला. आणि त्याच वाटेवर हेलेन्सबर्गला वेंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे, देवदर्शन करा, तिथल्या कँटीनमध्ये डोसा खा आणि पुढे निघा. माझ्या नवऱ्याला अख्ख्या ट्रिपमधला हाच दिवस सगळ्यात आवडला होता.

ग्रेट ओशन रोड मेलबर्नहून एका दिवसात बसने होतो असं सगळे सांगतात, मग तुम्ही रात्री राहायला का सांगताय? (पुण्याचा एक वाचक, लग्नाला दोन वर्षं)

होतो की, आम्हीही केला. सकाळी सातला बस निघाली, रात्री नऊला परत, आणि समुद्रात उभ्या असलेल्या खडकाच्या ज्या खांबांसाठी, म्हणजे ट्वेल्व्ह अपोस्टल्ससाठी गेलो तिथे भर दुपारी पाऊण तास मिळाला, ऊन डोक्यावर, सगळे खांब सपाट पांढुरके दिसत होते आणि कठड्याला इतकी गर्दी की धड उभंही राहता येईना. दुसऱ्या वेळी आम्ही जवळच पोर्ट कॅम्पबेलला राहिलो, छोटंसं गाव आहे, आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच गेलो तर बसेस सगळ्या गेलेल्या, ते चुनखडीचे खांब आधी पिवळे, मग केशरी, मग हळूहळू गुलाबी होत गेले आणि आम्ही दोघं काही न बोलता अंधार पडेपर्यंत उभे होतो. त्या एका संध्याकाळसाठी मी पुन्हा पैसे खर्च करीन.

नाव बारा असलं तरी बारा कधीच नव्हते बरं का. २००५ च्या जुलैत एक कोसळला तेव्हा आठ उरले. तो सगळा किनाराच समुद्र खात चाललाय. जवळ लंडन ब्रिज नावाची खडकाची दुहेरी कमान होती, १९९० च्या जानेवारीत तिचा किनाऱ्याकडचा भाग पडला आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं.

आणि तिथूनच जवळ लॉक आर्ड गॉर्ज नावाची कड्यांमधली खाडी आहे, ती चुकवू नका. बसवाले इथे पंधरा मिनिटं देतात, मी तर म्हणते खाली वाळूत उतरून शांत बसा. १८७८ साली इंग्लंडहून मेलबर्नला निघालेलं लॉक आर्ड नावाचं जहाज इथे फुटलं, ५४ माणसं होती आणि वाचली फक्त दोघं, टॉम नावाचा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा, दोघंही विशीच्या आतबाहेरचे. टॉम किनाऱ्याला लागला, त्याला पाण्यातून तिची हाक ऐकू आली, तो पुन्हा पाण्यात शिरला आणि तिला ओढून घेऊन आला, गुहेत ठेवलं आणि कडा चढून मदत आणायला गेला. तिच्याबरोबर जहाजावर असलेले आईवडील, भावंडं सगळी गेली होती. लोकांना वाटत होतं आता दोघं लग्न करतील पण ती काही महिन्यांनी आयर्लंडला परत गेली. आता तिथल्या दोन खडकांना टॉम आणि ईव्हा अशी नावं आहेत. त्या चिंचोळ्या खाडीत उभं राहून दोन्ही बाजूचे कडे बघितले ना की तो पोरगा वर कसा चढला असेल याने पोटात गोळा येतो.

रस्त्याचंही सांगते, कारण टूरमध्ये हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये हा रस्ता कुदळ-फावड्याने खणलाय, आपल्या मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. जवळजवळ २४० किलोमीटरचं स्मारकच आहे ते.

स्वतः गाडी चालवणार असाल तर हा रस्ता जिथे सुरू होतो त्या टॉर्की गावाकडून पश्चिमेला जा, म्हणजे गाडी डावीकडून चालते आणि समुद्रही डावीकडेच, वाटेल तिथे बाजूला घेता येते, रस्ता ओलांडावा लागत नाही. केनेट रिव्हरला थांबून निलगिरीच्या झाडांवर कोआला शोधा, दिवसभर झोपलेले असतात म्हणून मान वर करून नीट बघावं लागतं. परत येताना आतल्या हायवेने कोलॅकवरून या, तीनेक तासात मेलबर्न. फक्त संध्याकाळनंतर आणि पहाटे गाडी चालवू नका, कांगारू अचानक रस्त्यावर येतात. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला चालतं, तरी आंतरराष्ट्रीय परमिट काढून घ्या, गाडी भाड्याने देणारे विचारतात.

सिडनी ऑपेरा हाऊस बाहेरूनच बघितलं तर चालेल का? तिकीट महाग आहे आणि आम्हाला ऑपेरातलं काही कळत नाही.

आतली टूर परवडत असेल तर करा, पण नाही केली तरी जवळ जाऊन छपराला हात लावून या. लांबून पांढरंशुभ्र वाटतं ना, जवळून बघितलं की कळतं दोन रंगांच्या फरशा आहेत, एक चकचकीत आणि एक मंद क्रीम, १० लाखांहून जास्त. डेन्मार्कच्या योर्न उट्झोनने हे डिझाइन केलं, काम चालू असताना सरकारशी वाद झाला, पैसे अडवले गेले, १९६६ मध्ये तो काम सोडून निघून गेला. १९७३ ला राणीच्या हस्ते उद्घाटन झालं, २००७ ला जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि हा माणूस २००८ मध्ये वारला तोपर्यंत त्याने आपली पूर्ण झालेली इमारत डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. मला हे कळल्यापासून ती इमारत नुसती सुंदर वाटत नाही, जीव हळहळतो.

आणि पैसे वाचवायचे असतील तर महागड्या क्रूझऐवजी सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅनलीला जाणारी साधी फेरी बोट पकडा, अर्धा तास लागतो. जाताना उजव्या बाजूला बाहेर उभे राहा, ऑपेरा हाऊस अगदी शेजारून जातं आणि मागे वळलं की १९३२ चा हार्बर ब्रिज. समुद्राचं तोंड येतं तिथे फेरी हलते, ज्यांना बोट लागते त्यांनी आधी गोळी घ्या. पुलाच्या कमानीवर चढायचं तिकीट महाग आहे पण पुलावरून चालत जायला काही पैसे लागत नाहीत.

सिडनीत ट्रेन, बस, फेरी सगळीकडे आपलं बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं, पण दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत, एकाच कार्डवर दोघं जाता येत नाही, हे आम्हाला गेटवर उभं राहिल्यावर कळलं आणि मागे रांग लागली. मेलबर्नला मधल्या भागात ट्राम फुकट आहे, तिथे काही टॅपच करायचं नाही, त्याच्या बाहेर गेलात तर मायकी कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड घ्या.

मिस्टर क्रिकेटवेडे आहेत, मेलबर्नला मॅच नसताना ग्राउंड बघता येतं का? (सांगली)

येतं, मॅच नसलेल्या दिवशी टूर असते, एक लाख माणसं बसतील एवढं स्टेडियम रिकामं बघताना अंगावर काटा येतो. जगातली पहिली टेस्ट १८७७ ला इथेच झाली. आणि २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपला डाव ३६ वर संपल्यावर पुढच्याच टेस्टला अजिंक्य रहाणेने इथे ११२ केले आणि मॅच जिंकून दिली, ते मिस्टरांना खेळपट्टीकडे बघून आठवू द्या, घाई करू नका. तुम्ही सांगलीचे, म्हणून एक सांगते, सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या टीमविरुद्ध एकाच टेस्टमध्ये दोन सेंचुऱ्या मारल्या होत्या, ११६ आणि १४५. तुमच्यासाठी मी वरचा नियम मोडून ॲडलेडला एक रात्र द्यायला सांगीन.

खायला बरोबर काय नेता येतं? लाडू, चिवडा, लोणचं, मेतकूट?

नियम एकच, बॅगेत खाण्याचं जे काही असेल ते तिकडे उतरताना भरायच्या फॉर्मवर हो म्हणून लिहा. सांगितलंत आणि चालत नसेल तर ते फक्त काढून घेतात, लपवलंत तर जबरी दंड. पेढे, बर्फी, दुधाची कुठलीही मिठाई नेऊ नका, ताजा कढीपत्ता, फळं, बिया तर नाहीच. दुकानातलं सीलबंद आणि इंग्रजी लेबल असलेलं न्या म्हणजे त्यांना लगेच कळतं काय आहे. मी गोडा मसाला लिहिला होता, तपासणाऱ्या बाईंनी पाकीट उघडून वास घेतला, हसल्या आणि परत दिलं, पाच मिनिटांचं काम. तिकडे उपाशी राहाल ही भीती काढून टाका, सिडनीत हॅरिस पार्क आणि मेलबर्नला डँडेनाँग हे आपल्या लोकांचेच भाग आहेत, डाळतांदूळ सुपरमार्केटात मिळतात, छोटं किचन असलेली खोली घेतलीत तर रात्री वरणभात होतो.

आम्ही अलिबागचे, समुद्राची सवय आहे. सिडनीच्या बाँडाय बीचवर पोहायला हरकत नाही ना?

हरकत नाही, पण लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. दादा, सवय आहे म्हणणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि जरा गडद दिसतं, तिथे आपल्याला वाटतं हे सुरक्षित, आणि नेमकं तिथूनच पाणी जोरात आत ओढत असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दम संपतो, तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं. लाइफसेव्हरांचं मुख्य लक्ष झेंड्यांच्या मधल्यांवर असतं. पोहायचं नसेल तर बाँडाय ते कूजी कड्यावरून सहा किलोमीटरची पायवाट आहे, सकाळी लवकर निघा, टोपी आणि सनस्क्रीन ढग असले तरी लावा, तिकडचं ऊन फार पोळतं, माझी मान आठ दिवस सोलत होती.

पेंग्विन बघायला फिलिप आयलंडला जावं का? मुलगी म्हणते फोटो काढून आणा.

जा नक्की, पण फोटो मिळणार नाहीत, तिथे मोबाइलसुद्धा काढू देत नाहीत कारण प्रकाशाने त्यांना त्रास होतो. मेलबर्नहून गाडीने दोन तास. सूर्य मावळला की समुद्रातून जेमतेम वीतभर-दीड वीत उंचीचे पेंग्विन टोळीटोळीने बाहेर येतात, थोडे पुढे येतात, घाबरून पुन्हा पाण्यात पळतात, मग सगळे एकदम वाळू ओलांडून बिळांकडे जातात आणि तुम्ही चालत असता त्या लाकडी वाटेच्या शेजारूनच तुरुतुरु चालतात. मुलीला घरी येऊन चालून दाखवा कसे चालतात ते, मी दाखवलं होतं. आणि भर उन्हाळ्यात गेलात तरी जाड जॅकेट न्या, तासभर उघड्यावर बसायचंय आणि वारा सरळ समुद्रावरून येतो.