घरातला चिखल आणि स्वॉम्पचं तिकीट

हे पत्र फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गहून आलं आहे. लिहिणारा मूळचा कोल्हापूरचा. शिकायला गेन्सव्हिलला गेला आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे गेटर्सचा (गेटर म्हणजे मगर), कायमचा होऊन बसला. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते.

'काकू, २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलेन वादळानं खाडीचं पाणी आमच्या घरात आणलं, गुडघ्याच्या वर. पुढं तेरा दिवसांत मिल्टन आलं आणि छप्पर एका कोपऱ्यात उघडं पडलं. या दोन वादळांच्या मधे, ५ ऑक्टोबरला, मी मॅचला गेलो. सीझनची दोन तिकिटं आहेत माझ्याकडे. बायको काही बोलली नाही. रात्री अडीचला परत आलो तर ती जागीच होती. एकटीनं गाद्या, मुलीची पुस्तकं, तिच्या आईची भिजलेली पैठणी वगैरे सगळं रस्त्याकडेच्या ढिगावर नेऊन टाकलं होतं. तो ढीग अजून उचलला गेलेला नाही. १९ तारखेला मित्राचा पंप परत द्यायला जातो असं सांगून निघालो आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून रेडिओवर अख्खी मॅच ऐकली. जिंकलो. गाडीत एकटाच रडलो. आता नोव्हेंबरात घरच्या मैदानावरच्या दोन मॅच उरल्यात. ती म्हणते, तुला जायचं तर जा. मी स्वार्थी आहे का? तिकिटं विकून टाकू का?'

बाळा,

मॅचला जावंसं वाटलं म्हणून तू स्वार्थी ठरत नाहीस. हे आधी सांगते, कारण पत्रभर तू स्वतःला फटके मारत बसला आहेस.

माझी लेक जॅक्सनव्हिलला असते. तिच्याकडे मी तीन हिवाळे काढलेत आणि जावई तुझ्यासारखाच गेटर. त्यानं एकदा मला गेन्सव्हिलला नेलं होतं. प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांनी त्या स्टेडियमला 'स्वॉम्प' म्हणजे दलदल हे नाव दिलं, तेही त्यानंच सांगितलं. साडेअठ्ठ्याऐंशी हजार माणसं. खेळातलं मला चार प्रयत्नांत दहा यार्ड एवढंच कळत होतं. पण तिसरा क्वार्टर संपला आणि अख्खं स्टेडियम एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलत गायला लागलं. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझ्याही खांद्यावर हात ठेवला. साडीतली बाई बघून ते क्षणभरही थांबले नाहीत. त्या दिवसापासून जावयाला 'काय ते वेड' असं मी कधी म्हटलं नाही.

आणि तू तर कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठापेठांत जेवणाच्या वेळा बदलतात, हे तुला मी काय सांगावं? वडिलांचं बोट धरून तिथं जायचास असं लिहिलंयस. संघाचं वेड तुझ्या घराण्यातच आहे. परमुलखात तुला पहिल्यांदा आपलंसं वाटलं ते त्या निळ्या-केशरी गर्दीत, तर ती सोड असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

या सीझननं तुला एवढं का धरून ठेवलं, तेही मला समजतं. सुरुवातच वाईट झाली. ३१ ऑगस्टला मायामीनं तुमच्याच मैदानावर ४१-१७ नं हरवलं, दोन आठवड्यांनी टेक्सास ए अँड एमनंही हरवलं, आणि प्रशिक्षक नेपियर यांना काढा असा ओरडा सुरू झाला. मग वादळं आली. मिल्टन गेल्यावर तिसऱ्या दिवशी, घरात वीज नसताना, टेनेसीविरुद्धची मॅच तू गाडीत फोन चार्जिंगला लावून पाहिलीस. मर्ट्झचा, तुमच्या मुख्य खेळाडूचा, गुडघा गेला आणि जादा वेळेत २३-१७ नं हरलात. पुढच्या शनिवारी त्या जेडन बॉनं, पहिल्या वर्षाच्या पोरानं, केंटकीविरुद्ध पाच टचडाउन केले, म्हणजे पाचदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला. तुमच्याच जुन्या टीम टीबोच्या विक्रमाशी बरोबरी. ४८-२०. रडू येणारच. पुराच्या कामाला शिट्टी नसते. तिकडची पोकळ भिंत चार फुटांपर्यंत कापली की आतला ओला कापूस निघतो, तो काढला की मागची बुरशी दिसते, बुरशी पुसली की विम्याच्या माणसाचा फोन येतो. कोण जिंकलं, किती उरलं, काही कळत नाही. मॅचमध्ये साठ मिनिटांनी निकाल लागतो. तुझ्या जिवाला तो निकाल हवा होता.

आता माझ्या घरचं सांगते. मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या तळमजल्यात पाणी चढलं, राहिलं आणि मग मागं चिखल ठेवून उतरलं. पुराचा तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगावा लागत नाही. साफसफाईच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे हे हातपाय धुऊन भजनाला गेले. मंडळ गावाच्या उंच भागात बसायचं. मी देव्हारा घासत होते. लाकडाच्या नक्षीत गाळ बसला होता आणि मी तो खराट्याच्या काडीनं एकेक रेघ करत काढत होते. हे गेले ते मला दिसलं, पण मी मान वर केली नाही. पुढचे आठ दिवस मी फक्त 'जेवायला वाढलंय' एवढंच बोलले.

नवव्या दिवशी तेच म्हणाले, 'तिथं गेलं की नाकातला वास जायचा.' मी म्हटलं, 'वास मलाही येत होता.'

ते भजनाला गेले याचा मला राग नव्हता. माझ्याही नाकात तोच वास आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, याचा होता. 'चल, तूही ये' असं ते म्हणाले असते तर मी गेले नसते कदाचित. पण म्हणायला हवं होतं.

आता तुझ्या पत्रातला एक शब्द. 'तिच्या आईची भिजलेली पैठणी वगैरे.' तिचं माहेर नाशिकचं, आई गेली, आणि ती साडी येवल्याची, आईच्या लग्नातली, हे सगळं तूच वर एका ओळीत लिहिलंयस. आणि खाली तिला 'वगैरे'मध्ये टाकलंस. खारं पाणी रेशमात शिरलं की रंग फुटतो, जर काळी पडते. तिनं ती साडी पाण्यातून उचलली असेल, पिळली असेल की नाही कोण जाणे, रंग ओघळताना पाहिला असेल आणि उचलून ढिगावर ठेवली असेल. त्या वेळी तू अडीच तासांच्या अंतरावर दोन्ही हात लांब करून मगरीचा जबडा मिटवत होतास. ती काय बोलणार होती? 'तुला जायचं तर जा' ही परवानगी आहे असं समजू नकोस. तिच्याकडे आता भांडायचंही त्राण राहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पंपाचं खोटं मात्र मला खरंच लागलं. ५ तारखेला तू निदान सांगून गेलास. १९ तारखेला तू पार्किंगमध्ये तीन-साडेतीन तास लपलास, म्हणजे आनंदही चोरून घ्यायची वेळ स्वतःवर आणलीस. हे वाढतं. पुढच्या वेळी कारण तयारच असतं. ते तिला आजच सांग. सांगताना तिकिटांचा विषय काढू नकोस. खरं बोलल्याच्या बदल्यात लगेच काही मागितलं तर त्या खऱ्याला किंमत राहत नाही. 'मी गाडीत बसून मॅच ऐकली, तुझ्याशी खोटं बोललो आणि तिथं रडलो' एवढं बोल आणि गप्प बस. ती काय म्हणेल ते म्हणू दे.

दुसरं, कागदपत्रं. ती सगळी तीच बघते असं तुझ्या पत्रावरून दिसतं. ती तू घे, पूर्णपणे. फेमाचा, म्हणजे सरकारी आपत्ती-मदत खात्याचा, अर्ज, पुराचा विमा, घराचा विमा. तिकडे पुराचा विमा वेगळा आणि वाऱ्या-छपराचा वेगळा, म्हणजे हेलेनचं पाणी आणि मिल्टननं उघडलेलं छप्पर असे दोन दावे होणार. फोटो दोन्हींचे वेगळे लाव, तारखेनिशी. दुरुस्तीचा खर्च जमीन सोडून नुसत्या घराच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर पूरक्षेत्रात अख्खं घर आजच्या नियमांनुसार उंच करायची पाळी येते. तो आकडा येण्याआधी कंत्राटदाराच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. हे फोन तासन्‌तास धरून ठेवावे लागतात, त्यावरची वाट पाहण्याची धून ऐकून माणूस वेडा होतो. ती धून आता तू ऐक. मदत म्हणून काही करतोयस असं बोलू नकोस, घर तुझंही आहे.

तिसरं, तिचा एक पूर्ण दिवस. आठवड्यातला एक दिवस ती घराबाहेर, मैत्रिणीकडे, समुद्रावर, कुठंही, आणि घरात तू आणि लेक. हे मॅचच्या मोबदल्यात देतोय असं होऊ देऊ नकोस. मॅच असो नसो, तो तिचा.

मग तिकिटं. जॉर्जियाविरुद्धची मॅच २ नोव्हेंबरला माझ्या लेकीच्या गावातच आहे, तू ती सोड. १६ ची एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) आणि २३ ची ओल मिसची (मिसिसिपी विद्यापीठाची), या दोन घरच्या. माझं मत विचारशील तर एका मॅचची तिकिटं विक आणि एकीची ठेव. कुठली ठेवायची ते तिला ठरवू दे, आणि दुसऱ्या तिकिटावर कोण बसणार तेही. ती स्वतः येईल, लेकीला पाठवील किंवा 'दोन्ही विक' म्हणेल. दोन्ही विक म्हणाली तर दोन्ही विक, आणि मॅच घरी लाव, आवाज मोठा ठेवून, लपून नको.

तुझ्याच संघाकडे बघ ना. २०१६ साली तू गेन्सव्हिललाच होतास. मॅथ्यू वादळामुळे ८ ऑक्टोबरची एलएसयूची मॅच पुढं गेली आणि १९ नोव्हेंबरला झाली ती थेट बॅटन रूजला, त्यांच्या मैदानावर. घरच्या गर्दीवर पाणी सोडून तुमची पोरं तिथं गेली आणि शेवटच्या क्षणी गोल रेषेवर अडवून १६-१० नं जिंकली. कॅटरिना आलं त्या वर्षी, २००५ ला, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेनच्या पोरांनी अकरा मॅच अकरा वेगवेगळ्या मैदानांवर खेळल्या. हेलेनच्या आठवड्यात बूनमधली ॲपलाचियन स्टेटची मॅच सरळ रद्द झाली, आणि मिल्टनमुळे तुझ्या शेजारच्या टॅम्पातल्या साउथ फ्लोरिडाची मॅच ऑर्लँडोला हलली. तुमच्याकडे खेळसुद्धा वादळापुढं बाजूला सरतो, गाव बदलतो, तारीख बदलतो. त्यानं कुणी संघाशी बेइमानी केली असं म्हणत नाही. मग तू दोन शनिवार बदललेस तर कुठं बिघडलं?

आणखी एक. रात्री झोप लागत नाही, पावसाचा आवाज आला की छातीत धडधडतं, असं तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस. ते बारीक अक्षरात लिहायचं नाही. आपत्तीतून गेलेल्यांसाठी अमेरिकेत रात्रंदिवस चालणारा फोन आहे, १-८००-९८५-५९९०. कर. बायकोलाही हा नंबर दे, तिलाही झोप नसणारच. लेकीलाही विचार. आठ वर्षांची मुलं विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आणि आज, उजेड आहे तोवर, हातमोजे घालून त्या ढिगापाशी जा. वर मिल्टनचा अठरा इंच पाऊस पडून गेलाय, महिना होत आला. रेशीम बहुतेक गेलं असेल. पण येवल्याचा पदर दाट विणीचा असतो, वीतभर तुकडा धड निघायची शक्यता आहे. सापडला तर पिळू नकोस, घासू नकोस. थंड गोड्या पाण्यात पुन्हापुन्हा बुडवून मीठ जाऊ दे, पांढऱ्या सुती कापडावर पसर आणि सावलीत वाळव. काळी पडलेली जर चोळून उजळायला जाऊ नकोस. नाही सापडला, तर नाही सापडला. पण शोधत होतास हे तिला खिडकीतून दिसेल.

तुझी,
काकू