कोणाकडून आलं, मॅडम?

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं समुपदेशन करताना एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरचा खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते ऐकू येतं. ‘आमच्या घरात कोणालेच नाही, मग लेकराले कसं झालं?’ त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, ‘कोणाकडून आलं?’ आजाराची माहिती नंतर हवी असते. आधी आरोपी हवा असतो.

हे कुटुंबही तसंच आलं होतं (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). नवरा, बायको, सासू आणि सासूच्या मांडीवर दीड वर्षाची नात. आठव्या महिन्यात तिची बोटं टम्म सुजली. मुरगळलं असेल म्हणून तेल लावून चोळलं. सूज पुन्हा पुन्हा यायला लागली तेव्हा रक्त तपासलं. मुलगी एसएस, म्हणजे तिला आजार; आईबाप दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक. जन्मानंतरचे काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, म्हणून सुरुवातीला काहीच दिसलं नव्हतं.

सासूला बाहेर बसवून जोडप्याशीच बोला, असं बरेच सहकारी सांगतात. मी बसवत नाही. आमचा सल्ला घरी टिकतो की नाही, हे तिच्या चुलीपाशी ठरतं.

“हे सुनेच्या माहेरचंच असन,” ती म्हणाली. सून मुलीच्या फ्रॉकची शिवण नखानं उसवत राहिली.

पहिल्या दोन भेटी मीच बोलत राहिले आणि काही झालं नाही. तिसऱ्या वेळी ड्रॉवरमधली दोन नाणी काढली. दोन्हींच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका. मुलाचं नाणं सासूच्या हातात दिलं, दुसरं सुनेच्या. ठिपका म्हणजे एस, कोरी बाजू म्हणजे ए. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईची, एक बापाची. बाळाला देताना आपण त्यातली एकच देतो. कोणती, ते कुणाच्या हातात नाही.

उडवा म्हटलं. ठिपका-ठिपका. “ही तुमची नात.” मग एक कोरी, एक ठिपका. मग पुन्हा दोन्ही ठिपके.

नवरा अस्वस्थ झाला. “पण मॅडम, चारात एकाले होते म्हणाले होते. एक झालं ना? मग पुढचे तीन चांगलेच व्हायले पाहिजे.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूच म्हणाली, “नाण्याले काय आठवते रे, मागं काय पडलं ते?”

बारा वर्षं मी हेच समजावतेय, इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही. आता हे वाक्य मी सर्रास वापरते. एका आजींचं आहे, असं सांगून.

मग तिनं हातातलं नाणं उलटसुलट केलं. “पण माझ्या पोराच्या नाण्यावर हा ठिपका कुठून आला?”

मी गप्प राहिले. तिचं तिलाच उमगत होतं. तिच्याकडून, नाहीतर तिच्या नवऱ्याकडून. एएस माणसाला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे पिढ्या जातात तरी पत्ता लागत नाही. तिचा चेहरा उतरला.

पूर्वी मी इथेच खूश झाले असते. सुनेवरचा दोष उचलून सासूवर ठेवला, झालं समुपदेशन! पण दोष घरातच राहतो, फक्त खोली बदलतो.

“तुमच्या लहानपणी गावात हिवताप असायचा?” मी विचारलं.

“लई. माझे दोन भाऊ गेले त्यात.”

ज्याच्याकडे एकच एस असतो, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यात हा ठिपका टिकला तो त्यामुळेच. हे सांगितल्यावर ती बराच वेळ नाण्याकडे बघत होती. “म्हंजे यानंच कोणाले तरी वाचवलं असन.” आणि तिनं आपलं नाणं सुनेच्या नाण्याशेजारी ठेवलं.

त्यानंतर कामाचं बोलता आलं. तेच इथेही सांगते, कारण हे प्रश्न घरोघरी आहेत. एएसचा पुढे एसएस होत नाही. हा आजार शिवल्यानं, उष्ट्यानं लागत नाही. मुलगा असो की मुलगी, धोका सारखाच. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात एस आहे एवढंच सांगते; एएस की एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्तचाचणी करावीच लागते, पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एसएस, दोन एएस, एक एए अशी शक्यता असते. पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच या. दहा ते बारा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. एसएस मुलाला पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, लसी चुकवू नका. ताप आला तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सियुरिया या औषधानं दुखण्याचे झटके कमी होतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

उठता उठता सासू थबकली. “माझ्या पोरीचंबी रक्त घ्या. लगन ठरलं हाय तिचं.”

पोरगी एएस निघाली. नवरदेवाच्या तपासणीचं बोलायला सासू व्याह्यांकडे गेली, सोबत सुनेला घेऊन. निघताना माझी दोन्ही नाणी मागून नेली.