लडाख-स्पिती टूरसाठी जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 बाइक घ्यावी का?

घ्या, पण 2017 नंतरचं फ्युएल इंजेक्शनचं मॉडेल. 2016ची कार्ब्युरेटरवाली स्वस्तात मिळाली तरी नको. मी स्वतः सेकंडहँड 411च चालवतो. 24.5 बीएचपीची ही गाडी एक्स्प्रेसवेवर दमते, पण 21 इंची पुढचं चाक आणि 15 लिटरची टाकी खराब रस्त्यावर खरी कामाला येते. शिवाय कॅरियर, क्रॅश गार्ड बहुतेक वेळा आयतेच मिळतात. तोटा म्हणजे ट्यूबवाले टायर, पंक्चर काढताना चाक खोलावंच लागतं.

बघायला जाल तेव्हा:
- मालकाला आधी सांगून ठेवा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनचा आवाज ऐकायचाय.
- मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल हळूहळू फिरवा. मध्यभागी खटकन अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला. तेवढे पैसे कमी करून घ्या.
- चेन-स्प्रॉकेटचे दाते झिजून टोकदार झालेत का पाहा.

मात्र दिल्ली पासिंगची स्वस्त गाडी महाराष्ट्रात आणणार असाल, तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरूनच भाव ठरवा.